दोन विरुद्ध एक

"मागच्या वेळीसुद्धा हा गोगलगाय एकटाच विरोधात होता," औषधवाला बोलून गेला, आणि मग हातातल्या कागदी कपाकडे असा बघत राहिला, की जणू ते वाक्य त्याच्या तोंडातून नव्हे, कपातल्या कॉफीतून वर आलं होतं.

मध्यंतर झालं होतं. क्लब घरच्या मैदानावर दोन गोलांनी मागे होता, आणि नवव्या रांगेत नेहमीसारखी मतमोजणी चालली होती : मॅनेजरने जावं की राहावं. मॅनेजरला हे लोक 'कोट' म्हणत, कारण तो बारा महिने तेरा काळ एकच लांब राखाडी कोट घालून मैदानाच्या कडेला खिशात हात खुपसून उभा असे. कोट जावा म्हणून मास्तरांचा हात वर होता, औषधवाल्याचा हात वर होता. गोगलगायचा हात मांडीवर होता, त्यात खारे दाणे होते. चौथी ती. तिला कुणी विचारलं नव्हतं. या रांगेत ती सात वर्षं बसत होती, पण तिचा हात मोजण्यात नसे. ती 'वहिनी' होती. वहिनींना सावलीची खुर्ची देत, कॉफी आणून देत, गर्दीत जिना उतरताना पुढेमागे राहत. मत तेवढं विचारत नसत.

एरवी ते वाक्य तिने कानाआड केलं असतं. या तिघांचं बोलणं कानाआड करण्यात ती आता तरबेज झाली होती. पण त्या वाक्यानंतर जी शांतता पडली, ती तिच्या ओळखीची होती. कोर्टात स्टेनो म्हणून तिची अठरा वर्षं झाली होती. साक्षीदार बोलतो ते उतरवून घ्यायचं, गप्प बसतो ते उतरवायचं नाही. पण गप्प बसण्याच्या सगळ्या जाती तिला पाठ होत्या. आठवत नाही म्हणून गप्प बसणारा वर बघतो. राग आला म्हणून गप्प बसणारा वकिलाकडे बघतो. आणि नको ते तोंडातून गेलं म्हणून गप्प बसणारा हातात असेल त्या वस्तूकडे बघतो. औषधवाला कपाकडे बघत होता. मास्तर बुटाच्या नाडीकडे. गोगलगाय दाण्यांकडे. तिघे तीन वस्तूंकडे बघत होते आणि एकही जण तिच्याकडे बघत नव्हता.

"मागच्या वेळी म्हणजे कधी?" तिने विचारलं.

"ते आपलं हे," मास्तर म्हणाले, "आधीच्या मॅनेजरच्या वेळी. जुनी गोष्ट आहे, वहिनी."

खोटं. आधीचा मॅनेजर नऊ वर्षांपूर्वी नोकरीत असतानाच वारला होता, त्याला घालवायला कुणाला हात वर करावा लागला नव्हता. तिला ते पक्कं आठवत होतं, कारण तेव्हा तिचा नवरा घरात होता, आणि त्या दिवशी तो जेवला नव्हता. तिचे वडील गेले तेव्हा मात्र तो दोनदा वाढून घेऊन जेवला होता. मास्तरांनी पस्तीस वर्षं भूगोल शिकवला, पण खोटं बोलायची साधी तयारी त्यांनी केली नव्हती. पृथ्वी कोणाभोवती फिरते हे मुलांना ज्या आवाजात सांगितलं त्याच आवाजात ते आता थाप मारत होते.

शिट्टी वाजली, खेळाडू परत आले. तिचे डोळे चेंडूबरोबर फिरत होते. डोळ्यांना ती सवय लागली होती. नवरा घर सोडून गेला त्या वर्षी त्याच्या नावाने हंगामाच्या तिकिटाचं पाकीट घरी आलं. पहिल्या शनिवारी ती गेली ती फक्त बघायला, की दर आठवड्याला बायकोला टाकून माणूस नेमकं कशाला जात असे. एक हिरवं मैदान, बावीस घामेजलेले जवान आणि हे तिघे. बस, एवढंच? दुसऱ्या शनिवारी गेली ती रागाने, त्याची खुर्ची आपण दाबून बसलोय या सुखाने. तिसऱ्या शनिवारी का गेली हे तिने स्वतःला कधी विचारलं नाही. खेळ आवडायला लागला होता हे कबूल करणं म्हणजे त्याला एक गुण देण्यासारखं होतं, आणि त्याच्या नावावर एकही गुण जमा व्हावा अशी तिची इच्छा नव्हती. तिघांनी मात्र भलताच अर्थ लावला. वहिनी त्याची आठवण काढायला येतात. मास्तरांनी एकदा डोळ्यांत पाणी आणून तसं म्हटलंही होतं, आणि ती त्यांच्या ओल्या डोळ्यांकडे बघत विचार करत होती, की हा माणूस घरी बायकोला भाजीची पिशवीसुद्धा उचलू लागत नसेल. सात वर्षांत तिने तिघांना चांगलं ओळखलं होतं. औषधवाला कुठल्याही खेळाडूवर गोळ्या दिल्यासारखं बोलायचा : याला बसवा, त्याला उठवा, दोन सामन्यांत फरक दिसेल. गोगलगाय लिफ्ट दुरुस्त करायचा. एक वाक्य तळमजल्यावर सुरू करायचा आणि ते चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत ऐकणारा जिन्याने निघून गेलेला असायचा. स्वतःच्या घरात ज्यांना पंख्याचा वेग ठरवायची मुभा नाही, असे हे तीन पुरुष दर शनिवारी एका परक्या माणसाच्या नोकरीचा निकाल लावत होते. आणि आज असं दिसत होतं, की ते आणखीही कसला तरी निकाल लावून बसले होते.

क्लब तीन-शून्यने हरला. लोक कोटाच्या नावाने ओरडत उठले. स्टँडच्या खाली कॉफीची टपरी होती, तिथे उंच गोल टेबलाभोवती उभं राहून तिघे नेहमी पराभवावर बोलत. ती तिथे कधी थांबत नसे. आज थांबली. पर्स टेबलावर ठेवली आणि औषधवाल्याला म्हणाली, "सांगा."

"काय वहिनी?"

"मागच्या वेळी कोण जावं म्हणून हात वर केले होते?"

औषधवाल्याने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी घसा साफ केला, चष्मा काढला, पुसला, परत लावला. एवढ्या वेळात एखादा आरोपी निर्दोष सुटला असता. "हे बघा," ते म्हणाले, "त्याने विचारलं, आम्ही सांगितलं. मित्र म्हणून. असंच मध्यंतर होतं. तो म्हणाला, मी फार कोंडीत सापडलोय, दुसऱ्या गावी नोकरी मिळतेय, ती बाईही तिथे यायला तयार आहे. मी निघावं का? आता असं कुणी काळजातलं विचारल्यावर गप्प कसं बसायचं?"

"म्हणून हात वर केलेत."

"तसं नाही हो. चर्चा झाली. चांगली सगळ्या बाजूंनी झाली."

"किती वेळ?"

"मध्यंतरभर," गोगलगाय म्हणाला. त्याचं हे वाक्य मात्र पटकन आलं.

म्हणजे पंधरा मिनिटं. त्यातली पाच कॉफीच्या रांगेत गेली असणार. दहा मिनिटांत तिच्या बारा वर्षांच्या संसाराचा सगळ्या बाजूंनी विचार झाला होता. तिला राग यायला हवा होता, आणि ती त्याची वाट बघत उभी होती. पण आलं ते दुसरंच काहीतरी, थंड आणि स्वच्छ, कोर्टात खुर्चीवर बसताना पाठीचा कणा आपोआप ताठ होतो तसं. तिने प्रत्येकाला वेगळं विचारलं. तुम्ही नेमके काय शब्द वापरलेत? आठवून सांगा. आणि गंमत अशी, की त्यांनी सांगितलं. शब्दन्‌शब्द सांगितला. आपण शहाणपणाचं काहीतरी बोललो होतो अशी सात वर्षं त्यांची समजूत होती, आणि ते कुणीतरी विचारावं अशी त्यांना आतून हौसही असावी.

सांगून झाल्यावर तिने ते परत वाचून दाखवलं. वही नव्हती, गरज नव्हती. आवाजात चढ नाही, उतार नाही, न्यायाधीशांपुढे वाचते तसा सपाट. "मास्तर. तुम्ही म्हणालात, आयुष्य एकदाच मिळतं, मूलबाळ नाही, अडकून पडायचं कारण नाही. औषधवाले. तुम्ही म्हणालात, वहिनी खंबीर आहेत, सहा महिन्यांत सावरतील. गोगलगाय. तुम्ही म्हणालात, नवी कशावरून बरी निघेल, आहे ते चाललंय ते चालू द्यावं. दोन विरुद्ध एक. बरोबर आहे?"

शेजारच्या टेबलावर लोक कोटाला शिव्या देत होते. औषधवाल्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "पण सावरलात ना तुम्ही," तो पुटपुटला. आणि ही त्याला स्वतःची बाजू वाटत होती, औषध लागू पडल्याची पावती. पण सगळ्यांत असह्य गोगलगाय होता. तो तिच्याकडे आशेने बघत होता. तो विरोधात होता ना! एकटा! कुत्रं कुठूनतरी काठी तोंडात धरून आणतं आणि पाठीवर हात फिरेल म्हणून उभं राहतं, तसा तो उभा होता. आज मध्यंतरात कोटाबद्दलही तो तेच म्हणाला होता : याच्या जागी येणारा कशावरून बरा निघेल, आहे ते चालू द्यावं. तीच काठी. कोट आणि ती, दोघांसाठी एकच. तिला वाटलं, हाकलून देणारे दोघे परवडले. त्यांनी निदान नवऱ्याच्या सुखाचा विचार केला होता. याने तिला जुनी लिफ्ट म्हणून राखायला सांगितलं होतं.

ती पायीच घरी निघाली. अजून उजेड होता. दुकानांच्या काचांमागे शनिवारची माणसं बूट घालून बघत होती, आरशासमोर वळून वळून. तिच्या डोक्यात एक तारीख घोळत होती. टपरीवर बोलता बोलता मास्तरांनी सांगितलं होतं, की त्या दिवशी उत्तरार्धात क्लबने बरोबरी केली होती, आणि तिच्या नवऱ्याने आनंदाने तिघांना मिठ्या मारल्या होत्या. ती बरोबरी तिला आठवत होती. सामना तिने पाहिला नव्हता, पण संध्याकाळ पाहिली होती. दिवेलागणीला तो गुणगुणत घरी आला. बूट काढून जागेवर ठेवले. मग कपाटाचं दार हातात घेतलं. त्याची बिजागरी वर्षभर निखळलेली होती, दार उघडलं की करकर करत खाली लोंबायचं, आणि ती सांगून सांगून थकली होती. त्या संध्याकाळी त्याने न सांगता पेचकस काढला, गुडघ्यावर बसून नवे स्क्रू लावले, दार चारचारदा उघडलं-मिटलं आणि हाक मारली, "ये, बघ तरी." तिने दार उघडलं, मिटलं. तो मागे उभा होता, त्याचा हात तिच्या खांद्यावर होता. मग त्याला काय हुरूप आला कुणास ठाऊक, तेलाची बुधली घेऊन त्याने घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. मोरीचं दार, स्वयंपाकघराचं, बाहेरचं. ती कणीक मळत होती आणि तो दारादाराशी वाकत फिरत होता आणि गुणगुणत होता.

दहा दिवसांनी तो गेला. ती मोरीत होती. बाहेरचं दार उघडल्या-मिटल्याचा आवाज तिला आला नाही, कारण ते आता वाजत नव्हतं.

तरीही सात वर्षं तिने ती संध्याकाळ जपली होती. ऑफिसातल्या बायका म्हणत, पुरुष काही एका दिवसात जात नाही, आधीपासूनच मनातून गेलेला असतो, आणि ती त्यांच्यापुढे वाद घालत नसे, पण आतल्या आत ती संध्याकाळ पुरावा म्हणून पुढे ठेवत असे. नाही. दहा दिवस आधीपर्यंत तो होता. त्याने बिजागरी बसवली. जायच्या माणसाने बिजागरी कशाला बसवावी? या एका प्रश्नावर तिने आपला सगळा खटला उभा केला होता. आता उत्तर मिळालं होतं. माणसाच्या मनावरचं ओझं उतरलं, की त्याचे हात मोकळे होतात. निकाल लागला होता, दोन विरुद्ध एक, आणि वर बरोबरीचा गोल. एवढ्या आनंदात माणूस काहीही दुरुस्त करेल. तो तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता तेव्हा तिच्याजवळ नव्हताच, फक्त हलका झाला होता. आणि ती मूर्ख, खांदा तसाच न हलवता उभी राहिली होती, हात उचलला जाऊ नये म्हणून. त्या तिघांची तिला किळस आली, नवऱ्याची आली, पण रस्ता ओलांडताना एका काचेत स्वतःचा तो न हलणारा खांदा दिसल्यासारखा झाला तेव्हा जी आली, ती या सगळ्यांहून जास्त होती.

रविवार तिने कपडे धुण्यात घालवला. सोमवारी जेवणाच्या सुटीत कोर्टाच्या कॉरिडॉरमध्ये, साक्षीदारांच्या बाकाच्या टोकाला बसून तिने त्याला फोन लावला. सात वर्षांत पहिल्यांदा. नंबर बदलला असेल असं तिला वाटलं होतं. बदलला नव्हता.

"काय झालं?" तो घाईने म्हणाला. "कुणी गेलं का?"

"नाही. एक विचारायचं होतं. त्या दिवशी मैदानात मतं कशी पडली होती?"

पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू आली, मग दार लोटल्याचा आवाज. तो दुसऱ्या खोलीत गेला असावा. तिला वाटलं होतं, तो विचारेल, कसली मतं? निदान तेवढं नाटक करेल. पण त्याने तेही केलं नाही. "दोन विरुद्ध एक," तो हळूच म्हणाला. "तुला कुणी सांगितलं? औषधवाल्याने?"

"तुझं मत धरून?"

"माझं मत मी धरलं नव्हतं," तो म्हणाला. "मी तटस्थ होतो."

समोरून एक वकील काळ्या कोटाचं बटण लावत गेला. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई मांडीवर कागदांची पिशवी घेऊन पेंगत होती. तटस्थ. आपल्या लग्नाच्या काठावर बसून हा माणूस पलीकडची मतं मोजत होता. तीन-शून्य झालं असतं तर काय केलं असतं त्याने? आणि एक-दोन झालं असतं तर? राहिला असता? बिजागरी बसवली असती? गोगलगायच्या बाजूला मास्तर जरा झुकले असते तर आजही तो तिच्या घरात कपाटाशेजारी पेपर वाचत बसला असता, आणि तिला वाटलं असतं, हा माणूस माझ्यासाठी राहिला. तो गेला याचं सात वर्षं दुःख केलं. तो राहू शकला असता याची भीती तिला आज पहिल्यांदा वाटली.

"ऐक ना," तो म्हणत होता, आणि त्याच्या आवाजात आता एक अधीरपणा होता. तिने ओळखला. शनिवारी सकाळी असायचा तो. "इथे धड काही कळतच नाही. परवा तीन-शून्य हरलो ना आपण? कोटाचं काय होणार? राहतोय का? तू जातेस म्हणे माझ्या जागेवर. तुझं काय मत पडतं?"

बारा वर्षांत त्याने तिला भाजी कुठली आणू हेही कधी विचारलं नव्हतं. आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, तिच्याकडे उत्तर होतं. तयार होतं. कोटाला शिव्या देणाऱ्यांना दिसत नाही, पण मधल्या फळीत चेंडू घेऊन वळायला दोन पावलं जास्त लागतात, तिथे सगळं अडतं. त्यात कोटाची चूक अर्धीच. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. ते जिभेवर आलं, आणि पहिली दोन वाक्यं ती बोलूनही गेली.

"अरे वा," तो हसला. "तुला कळायला लागलं की!"

तिने फोन बंद केला. त्या हसण्यात प्रेम होतं की कौतुक, याची चौकशी करायची तिला गरज वाटली नाही. पेंगणाऱ्या बाईने डोळे उघडून विचारलं, "माझा नंबर आला का हो?" "अजून नाही," ती म्हणाली. "आला की मी उठवते तुम्हाला. झोपा." आणि डबा उघडून ती पोटभर जेवली.

गुरुवारी क्लबने कोटाला काढलं. पेपरात चार ओळी आल्या होत्या : परस्पर संमतीने.

शनिवारी ती मैदानावर गेली. जावं की नाही असा प्रश्नच तिला पडला नाही; खुर्ची तिची होती. नवव्या रांगेत तिघे आधीच येऊन बसले होते, आणि ती दिसल्यावर तिघांच्या चेहऱ्यांवर एकाच वेळी एकच भाव उमटला, शाळेत पाहुणे तपासणीस येतात तेव्हाचा. त्यांनी धरलं होतं की वहिनी आता येणार नाहीत. ती त्यांच्या मधोमध बसली. पर्स मांडीवर ठेवली. कडेला एक नवा मनुष्य निळ्या ट्रॅकसूटमध्ये टाळ्या वाजवत येरझारा घालत होता. बोलण्यासारखं एवढं होतं, की तिघांची पोटं फुगली असतील. औषधवाल्याने तोंड उघडलं, "हा नवा माणूस मला तरी..." आणि तिच्याकडे नजर गेली, आणि बाकीचं वाक्य त्याने कॉफीबरोबर गिळलं. मास्तर दोनदा खाकरले. गोगलगायने दाणे पुढे केले; तिने घेतले नाहीत. मध्यंतर झालं. कुणी हात वर केला नाही. पंधरा मिनिटं तिघे मैदानातल्या रिकाम्या गवताकडे बघत बसले, आणि सात वर्षांत पहिल्यांदा तिला मैदानाचा स्वतःचा आवाज ऐकू आला : झेंड्यांचा, पाण्याच्या फवाऱ्याचा, दूरच्या रांगेत हसणाऱ्या कुणाचा तरी. बरं वाटलं. यांच्याशी तिला भांडायचं नव्हतं, यांची माफी नको होती. यांनी गप्प बसावं, एवढंच. आणि ते दर शनिवारी गप्प बसणार होते, ती जोवर मध्ये बसेल तोवर.

सामना संपायला सहा-सात मिनिटं उरली होती. एक-एक. पाहुण्यांना गोलाच्या तोंडाशीच फ्री किक मिळाली. आपल्या खेळाडूंनी भिंत केली, आणि गोलकीपर भिंतीच्या मागे जाऊन उभा राहिला, उजव्या खांबाला चिकटून. डावी बाजू सगळी उघडी. तिला ती दिसत होती. एवढ्या हजारो लोकांत आणखी कुणाला दिसत होती कोण जाणे. तिघांना नक्कीच नव्हती. मारणारा तीन पावलं मागे गेला. कोर्टात अठरा वर्षं दुसऱ्याची वाक्यं लिहून, घरात बारा वर्षं अर्धवट वाक्यं गिळून, या खुर्चीत सात वर्षं वहिनी होऊन जो आवाज तिने कधी काढला नव्हता, तो कसा असतो हे तिलाही माहीत नव्हतं. ती उठून उभी राहिली होती.

"सरक!" ती ओरडली. आवाज भसाडा होता, दोन रांगा पुढची माणसं वळून बघायला लागली. "अरे डावीकडे सरक, गाढवा! खांबाला काय बांधून ठेवलंय तुला?"

गोलकीपर काही सरकला नाही. मास्तर मात्र सरकले.